ओढकामाच्या पिकअप वाहनातील आवाजांचे निदान

ओढकामाच्या पिकअप वाहनातील आवाजांचे निदान म्हणजे ट्रेलर, ट्रॉली किंवा बंद पडलेले दुसरे वाहन ओढणाऱ्या पिकअप गाडीतून येणाऱ्या अनोळखी आवाजावरून बिघाडाचे ठिकाण, कारण आणि गांभीर्य ठरविण्याची पद्धत होय. वाहनदुरुस्तीच्या व्यवसायात ही पद्धत जुनी आहे. इलेक्ट्रॉनिक संवेदक आणि स्कॅनर आल्यानंतरही तिचे महत्त्व टिकून आहे, कारण चाकाचे बेअरिंग, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, कमानपाटे किंवा ट्रेलरची जोडपिन यांतील बिघाड बहुतेक पिकअप गाड्यांत कोणत्याही संवेदकाला कळत नाही. तो प्रथम कानाला कळतो.

या निदानाचे मुख्य तत्त्व असे की, केवळ आवाजाच्या जातीवरून बिघाड ओळखता येत नाही. तो आवाज कशाबरोबर बदलतो हे पाहावे लागते. इंजिनाची गती, गाडीचा वेग, ओढीचा भार, वळण आणि ब्रेक या पाच गोष्टींपैकी आवाज कोणाच्या मागे जातो हे ठरले की तपासणीचे क्षेत्र बरेच आकुंचित होते. कोल्हापूर जिल्ह्यासारख्या प्रदेशात, जिथे मालवाहू गाड्यांना सह्याद्रीचे घाट नेहमी चढावे-उतरावे लागतात, तिथे हे निदान वेळेत होणे हा खर्चाइतकाच जीविताचाही प्रश्न असतो.

## संज्ञा

‘ओढकाम’ हा शब्द मराठीत मुळात बैलांच्या संदर्भात रूढ आहे. नांगर, मोट किंवा गाडी ओढणाऱ्या जनावराला ओढकामाचे जनावर म्हणतात आणि खिलार बैल त्यासाठी प्रसिद्ध आहेत. यांत्रिक वाहनाच्या बाबतीत याच अर्थाने ‘टोइंग’ हा शब्द प्रचलित आहे. पिकअप म्हणजे पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली हलकी मालवाहू गाडी. महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इसुझू डी-मॅक्स ही भारतातील परिचित उदाहरणे आहेत. या गाड्यांत शिडीसारखी चासी आणि मागील बाजूस कमानपाटे असतात. इंजिनाची शक्ती बहुधा मागील चाकांना दिलेली असते. पुढील विवेचन प्रामुख्याने अशा रचनेच्या डिझेल गाड्यांना लागू पडते.

आवाजांची नोंद घेण्यास मराठीतील अनुकरणवाचक शब्द फार उपयोगी पडतात. खडखड, खटखट, ठकठक, घरघर, गुणगुण, करकर, चिवचिव, फुसफुस हे शब्द वेगवेगळ्या यांत्रिक घटना बऱ्याच नेमकेपणाने सुचवतात. मेस्त्री आणि गाडीमालक यांच्यातील संवाद याच शब्दांतून होतो. मात्र एकाच आवाजाला दोन माणसे दोन नावे देऊ शकतात, म्हणून शब्दाबरोबर ‘केव्हा’ आणि ‘कोठे’ या प्रश्नांची उत्तरेही घ्यावी लागतात.

## ओढकामाचा वाहनावरील परिणाम

रिकाम्या गाडीत न ऐकू येणारा आवाज ट्रेलर जोडताच प्रकट होतो, याची कारणे चार आहेत.

पहिले कारण म्हणजे वाढलेला पीळ. चढावर ओढताना इंजिनापासून मागील चाकापर्यंतच्या प्रत्येक दात्यावर, क्रॉसवर आणि बेअरिंगवर अधिक जोर येतो. जो भाग थोडा झिजलेला असतो, तो या जोराखाली आपली जागा सोडतो.

दुसरे कारण म्हणजे बदललेला कोन. ट्रेलरचे तोंड गाडीच्या शेपटीवर दाब देते. सर्वसाधारण ट्रेलरच्या बाबतीत हा दाब ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा संकेत आहे. या दाबाने मागील पाटे खाली बसतात आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. क्रॉसच्या जोडातून कोनात फिरणाऱ्या शाफ्टची गती प्रत्येक फेरीत दोनदा कमी-अधिक होते. कोन बिघडला की हा चढउतार थरथरीच्या रूपाने जाणवतो. दाब फार कमी असेल तर मात्र ट्रेलर मागे डोलू लागतो.

तिसरे कारण म्हणजे उष्णता. चढावर इंजिन, गिअरबॉक्स व डिफरन्शियल तापतात आणि उतारावर ब्रेक तापतात. तापल्यावर तेल पातळ होते आणि झिजलेल्या भागांतील फटी ऐकू येऊ लागतात.

चौथे कारण म्हणजे ओढ आणि ढकल यांची आळीपाळी. चढावर गाडी ट्रेलरला ओढते, तर उतारावर ट्रेलर गाडीला ढकलतो. दिशा बदलण्याच्या क्षणी जोडणीतील आणि दात्यांमधील सर्व ढिलाई एकदम भरून निघते व ठोका ऐकू येतो.

## कोल्हापूर परिसरातील परिस्थिती

कोल्हापूर शहर पुणे-बंगळूर महामार्गालगत वसलेले असून पश्चिमेकडे कोकणात उतरणारे अनेक मार्ग जिल्ह्यातून जातात. रत्नागिरीकडे जाणारा आंबा घाट, गगनबावड्याहून उतरणारे करूळ व भुईबावडा घाट आणि राधानगरी-दाजीपूरमार्गे जाणारा फोंडा घाट हे त्यांतील प्रमुख होत. पूर्वेकडील सपाट प्रदेशात ठीक वाटणारी गाडी घाटाच्या पहिल्या वळणावर निराळा आवाज करू लागते, कारण तिथे भार, वळण आणि ब्रेक हे तिन्ही घटक एकत्र येतात.

जिल्ह्यात ऊस वाहतूक मुख्यतः ट्रक, दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यांतून होते. पिकअप गाड्या गूळ, भाजीपाला, दूध आणि यंत्रांचे सुटे भाग वाहतात. जनरेटर, काँक्रीट मिक्सर यांसारखी चाकांवरची यंत्रे किंवा बंद पडलेली वाहने ओढण्याचे कामही त्यांच्याकडून घेतले जाते. ऊस गाळपाचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. हंगामानंतर ट्रॉल्या कित्येक महिने उघड्यावर उभ्या राहतात. त्यांच्या हबमधील ग्रीस सुकते, बेअरिंगवर गंज चढतो आणि पुढील हंगामाच्या पहिल्याच खेपेला घरघर सुरू होते.

हंगामात ऊस वाहनांवर मोठ्या आवाजात गाणी लावण्याची सवय या भागात सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यामुळे चालकाला स्वतःच्या गाडीचा इशारा ऐकू येत नाही. ही बाब निदानाच्या दृष्टीने गंभीर आहे, कारण बेअरिंग किंवा ब्रेकचा बिघाड बहुधा आधी आवाजाने सूचना देतो आणि नंतरच निकामी होतो.

पावसाळा हा दुसरा स्थानिक घटक आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या महापुराने जिल्ह्यातील मोठा भाग पाण्याखाली गेला. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून कोरडी झाली तरी डिफरन्शियल व गिअरबॉक्सच्या हवानळीतून (ब्रीदर) आणि हबच्या सीलमधून आत गेलेले पाणी तसेच राहते. तेलात पाणी मिसळल्यास ते दुधाळ दिसते. अशा गाडीतील बेअरिंगचा आवाज काही आठवड्यांनंतर सुरू होतो आणि तोवर पुराशी त्याचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र हा परिसर अनुकूल आहे. शिवाजी उद्यमनगरातील यंत्रशाळा आणि शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील औद्योगिक वसाहती ओतकाम, इंजिनाचे भाग आणि यंत्रकाम यांसाठी ओळखल्या जातात. त्यामुळे ड्रम घासून घेणे किंवा शाफ्टचा तोल तपासणे यांसारखी कामे स्थानिक पातळीवर होऊ शकतात.

## निदानाची पद्धत

### पाच प्रश्न

आवाज ऐकल्यानंतर पुढील पाच प्रश्न क्रमाने विचारले जातात.

* गाडी उभी असताना इंजिनाची गती वाढविल्यास आवाज येतो का? येत असेल तर तो इंजिन, त्यावरील पट्टे, टर्बो, सायलेन्सर किंवा क्लच यांच्याकडचा असतो. चाके व शाफ्ट त्या वेळी स्थिर असल्याने ती संशयातून सुटतात.
* गाडी चालू असताना, सपाट व मोकळ्या रस्त्यावर, गिअर न्यूट्रल केल्यास आवाज टिकतो का? वेगाबरोबर टिकत असेल तर तो शाफ्ट, डिफरन्शियल, हब, टायर किंवा ब्रेक यांतील असतो. ही चाचणी उतारावर कदापि करू नये, कारण न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध नाहीसा होतो.
* ॲक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर आवाजात फरक पडतो का? पडत असेल तर शक्ती वाहून नेणारे दाते व जोड तपासावे लागतात.
* वळणावर आवाज वाढतो की घटतो? डाव्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढल्यास उजव्या बाजूचे बेअरिंग आणि उजव्या वळणावर वाढल्यास डाव्या बाजूचे बेअरिंग संशयास्पद ठरते.
* ब्रेक हलका दाबल्यास आवाज बदलतो का? बदलल्यास लायनर, डिस्क, ड्रम किंवा सैल झालेला ब्रेकचा भाग पाहावा लागतो.

ओढकामाच्या गाडीसाठी सहावा प्रश्नही आवश्यक आहे. ट्रेलर सोडून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी चालविल्यास आवाज राहतो का? नाहीसा झाल्यास बिघाड एकतर ट्रेलर व जोडणीत असतो किंवा भाराखालीच प्रकट होणारा असतो. या दोहोंत फरक करण्यासाठी ट्रेलरइतकेच वजन हौद्यात, परवानगीच्या मर्यादेत, ठेवून पुन्हा फेरी मारतात.

### आवाजाची मोजणी

ठराविक अंतराने येणाऱ्या आवाजाचे ठोके मोजून तो कोणत्या फिरत्या भागाचा आहे हे ठरविता येते. उदाहरणार्थ, २१५/७५ आर १५ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर आणि घेर सुमारे २.२ मीटर असतो. गाडी ताशी ८ किलोमीटर वेगाने चालली तर ती सेकंदाला २.२ मीटर अंतर कापते, म्हणजेच चाकाची सेकंदाला एक फेरी होते. डिफरन्शियलचे गुणोत्तर ४ धरल्यास शाफ्टच्या सेकंदाला चार फेऱ्या होतात. त्यामुळे सेकंदाला एक ठोका पडत असेल तर चाक, हब, ड्रम किंवा टायर तपासावा आणि चार ठोके पडत असतील तर शाफ्ट व त्याचे क्रॉस तपासावेत.

हेच गणित ताशी ४० किलोमीटर वेगाला चाकाच्या पाच आणि शाफ्टच्या वीस फेऱ्या देते. इतके जलद ठोके कानाला सुटे ऐकू येत नाहीत व त्यांची सलग घरघर होते. म्हणून मोजणीची चाचणी मोकळ्या जागेत, मंद गतीने घेतली जाते. इंजिनातही असाच भेद करता येतो. चार फटक्यांच्या इंजिनात कॅमशाफ्टची गती क्रँकशाफ्टच्या निम्मी असते, त्यामुळे टॅपेटची टकटक क्रँककडून येणाऱ्या ठोक्याच्या निम्म्या गतीने पडते.

## आवाजांचे प्रकार व संभाव्य कारणे

### इंजिन

भाराखाली वाढणारी कडक, धातूवर धातू आपटल्यासारखी खडखड डिझेल इंजिनात इंधन चुकीच्या वेळी किंवा असमान फवारले गेल्याने येते. वरच्या गिअरमध्ये इंजिन दमवत चढ चढल्यासही असा आवाज येतो. अशा वेळी खालचा गिअर घेतल्यावर तो थांबला तर दोष चालविण्याच्या पद्धतीत असतो.

थंड इंजिनात सुरू होणारी आणि गरम झाल्यावर कमी होणारी टिकटिक बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधील गळतीची असते. धातू तापून प्रसरण पावला की फट बुजते. टॅपेटचा आवाजही टिकटिकीसारखाच असतो, परंतु तो भाराबरोबर फारसा बदलत नाही.

चढावर फुसफुस, काळा धूर आणि ओढ कमी होणे ही तीन लक्षणे एकत्र आल्यास टर्बोकडून येणारी हवेची नळी फाटलेली किंवा सैल असते. टर्बोमधून भोंग्यासारखा चढता आवाज येऊ लागल्यास त्याच्या बेअरिंगची तपासणी लांबणीवर टाकू नये. पावसाळी सकाळी गाडी सुरू करताना येणारी किंचाळी बहुधा सैल किंवा झिजलेल्या पट्ट्याची असते.

इंजिनाच्या तळातून येणारा खोल, जड ठोका हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. तो भाराखाली वाढतो. त्याच्या जोडीला तेलाच्या दाबाचा दिवा लागल्यास इंजिन तत्काळ बंद करणे हाच उपाय असतो.

### क्लच व गिअरबॉक्स

क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग पाहावे. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर येत असेल आणि क्लच दाबताच ती थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या आतील बेअरिंगची शक्यता असते. चढावर इंजिनाची गती वाढते पण गाडीचा वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा क्लच प्लेट घसरत असते. हा बिघाड आवाजापेक्षा इंजिनाच्या बदललेल्या सुरातून लवकर कळतो.

### शाफ्ट व डिफरन्शियल

मंद वेगात चिमण्यांच्या चिवचिवीसारखा आणि वेगाबरोबर जलद होणारा आवाज कोरड्या पडलेल्या क्रॉसचा असतो. ग्रीस दिल्यावर तो थांबला तरी आतील सुया झिजल्या असल्यास काही दिवसांत परत येतो. गाडी पुढे घेताना आणि मागे घेताना येणारा ठोका क्रॉसमधील ढिलाई दर्शवितो.

लांब चासीच्या पिकअपमध्ये शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि त्यांच्या मध्ये सेंटर बेअरिंग रबरात बसविलेले असते. हे रबर फाटल्यास भार घेऊन निघताना केबिनच्या तळाशी थरथर व धडधड जाणवते आणि वेग घेतल्यावर ती कमी होते.

डिफरन्शियलची गुणगुण भाराच्या दिशेवरून ओळखली जाते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्राउन-पिनियनच्या दात्यांची एक बाजू काम करते आणि सोडल्यावर दुसरी. फक्त ओढताना किंवा फक्त सोडल्यावर येणारी गुणगुण दात्यांची झीज अथवा चुकीची जुळणी सुचवते. दोन्ही वेळी सारखी येणारी घरघर बेअरिंगकडे बोट दाखवते. पहिली तपासणी मात्र नेहमी तेलाच्या पातळीची आणि रंगाची असते.

### चाके व ब्रेक

चाकाच्या बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते आणि क्लच किंवा गिअरने बदलत नाही. टायरचा आवाज तिच्याशी फार मिळताजुळता असतो. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटच्या रस्त्यावर येताच सूर बदलला तर तो टायरचा आणि न बदलल्यास बेअरिंगचा समजतात.

मंद वेगात चाकामागे येणारी खटखट आणि त्याबरोबर गाडीचे डुलणे हे चाकाचे नट सैल झाल्याचे लक्षण असू शकते. ब्रेक दाबल्यावर येणारी बारीक किंचाळी डिस्क पॅडवरील झीजदर्शक पत्र्याची असू शकते. जाड खरखर मात्र लायनर संपून धातूवर धातू घासत असल्याचे सांगते.

घाटात ब्रेकवर पडणारा ताण पुढील हिशोबावरून लक्षात येतो. गाडी व ट्रेलर मिळून तीन टन वजन ५०० मीटर खाली उतरले तर सुमारे १.४७ कोटी ज्यूल ऊर्जा मुक्त होते. एवढ्या उष्णतेने सुमारे ४४ लिटर पाणी २० अंश सेल्सियसवरून उकळीला येईल. खालच्या गिअरमध्ये उतरल्यास या ऊर्जेचा मोठा वाटा इंजिनाच्या रोधात खर्च होतो. वरच्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये उतरल्यास तो जवळजवळ सर्व ब्रेकवर येतो. ब्रेकची क्षमता तापून घटते तेव्हा नेहमी आवाज होतोच असे नाही. जळका वास आणि पायाखाली खोल जाणारे पेडल हीच त्याची सूचना असते.

### पाटे, चासी व जोडणी

खड्ड्यात येणारी करकर कमानपाट्यांच्या कोरड्या थरांची किंवा झिजलेल्या शॅकल बुशची असते. निघताना व थांबताना मागून एकच ठोका येत असेल तर यू-बोल्ट तपासले जातात. ते सैल राहिल्यास मधला सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालते.

जोडपिन किंवा हुक यांतील ढिलाईचा ठोका ब्रेक दाबताना व सोडताना येतो. झिजून अंडाकृती झालेली कडी, पातळ झालेली पिन आणि नसलेली चाप ही त्याची कारणे असतात. सुरक्षा साखळी जमिनीवर घासल्यास खणखण येते आणि कड्या झिजतात. ट्रेलरच्या हबचा आवाज केबिनपर्यंत पोहोचतोच असे नाही, म्हणून चाचणीच्या वेळी दुसऱ्या व्यक्तीने सुरक्षित अंतरावर, रस्त्याच्या कडेला उभे राहून तो ऐकणे श्रेयस्कर असते.

भारतात १९८९ च्या रस्ता नियमांनुसार, ट्रेलर वगळता अन्य वाहन ओढताना वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा जास्त नसावा आणि दोन वाहनांतील मोकळे अंतर पाच मीटरपेक्षा अधिक नसावे, अशी तरतूद होती. पुढे या नियमांची जागा २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनी घेतली.

## साधने

आवाजाचे ठिकाण शोधण्यासाठी धातूची लांब सळई असलेला मेस्त्रीचा स्टेथोस्कोप वापरतात. फ्रेंच वैद्य रेने लेनेक यांनी १८१६ मध्ये शोधलेल्या वैद्यकीय स्टेथोस्कोपशी त्याचे नाते आहे. तो नसल्यास लांब पेचकसाची मूठ कानाच्या हाडाला टेकवून ऐकण्याची रीत गॅरेजांत आढळते. मात्र फिरत्या पंख्याजवळ व पट्ट्यांजवळ ही रीत धोक्याची असते. चासीला ठिकठिकाणी ध्वनिग्राहक चिकटवून चालत्या गाडीतील आवाज ऐकण्याचे संचही उपलब्ध आहेत. फेरीनंतर चारही हबचे तापमान इन्फ्रारेड तापमापकाने घेऊन त्यांची तुलना केल्यास बिघडलेले बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक वेगळा ओळखू येतो.

जुन्या डिझेल इंजिनात एकेका इंजेक्टरचा नट सैल करून कोणत्या सिलिंडरचा ठोका थांबतो हे पाहत असत. कॉमन रेल पद्धतीच्या आधुनिक इंजिनात इंधनाचा दाब हजार बारहून अधिक असतो आणि निसटलेली धार त्वचा भेदून शरीरात शिरू शकते. त्यामुळे तिथे ही चाचणी पूर्णतः वर्ज्य आहे व तिच्याऐवजी स्कॅनरने इंजेक्टर बंद केला जातो.

गाडीखाली शिरण्यापूर्वी ती सपाट जागी उभी करून चाकांना लाकडी ठोकळे लावणे आणि चासी पक्क्या स्टँडवर टेकविणे आवश्यक असते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली काम करणे प्राणघातक ठरू शकते.

## बिघाड नसलेले आवाज

ओढकामात ऐकू येणारा प्रत्येक नवा आवाज दोषदर्शक नसतो. लांब चढावर रेडिएटर तापला की व्हिस्कस क्लचचा पंखा पूर्ण गतीने फिरू लागतो व वाऱ्याच्या घोंघावण्यासारखा मोठा आवाज येतो. इंजिन निवल्यावर तो आपोआप थांबतो. टर्बोची मंद शिट्टी, गाडी बंद केल्यावर तापलेल्या सायलेन्सरची टिणटिण आणि जाड नक्षीच्या टायरांची गुणगुण हेही नेहमीचे आवाज आहेत. आपल्या गाडीचा निरोगी आवाज रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही अवस्थांत ओळखीचा असणे हा निदानाचा पाया मानला जातो.

## तातडीने थांबण्याचे आवाज

पुढील आवाज आल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून ट्रेलरसह पुढे न जाणे इष्ट असते.

* तेलाच्या दाबाच्या दिव्यासह इंजिनातील खोल ठोका
* ब्रेक दाबल्यावर धातू घासल्याची खरखर किंवा ब्रेकचा जळका वास
* चाकाजवळची वाढती खटखट व गाडीचे डुलणे
* हबची घरघर आणि त्यासोबत ग्रीस जळल्याचा वास
* शाफ्टची जोराची धडधड. चालत्या गाडीत शाफ्ट तुटल्यास तो रस्त्याला टेकून गाडी उलटू शकते
* जोडणीतील एकाएकी वाढलेला ठोका

## निदानातील नेहमीच्या चुका

सर्वांत सामान्य चूक म्हणजे आवाज जिथे ऐकू येतो तिथेच बिघाड आहे असे मानणे. चासी पोकळ पोलादी असल्याने मागील हबचा आवाज तिच्यातून वाहत येऊन आसनाखाली ऐकू येतो. दुसरी चूक म्हणजे रिकाम्या गाडीवर चाचणी घेऊन ‘आवाज नाही’ असा निष्कर्ष काढणे. भाराखालचा आवाज भाराखालीच तपासावा लागतो. तिसरी चूक एकाच वेळी अनेक भाग बदलण्याची. त्यामुळे आवाज गेला तरी खरे कारण कळत नाही आणि खर्च वाढतो. चौथी चूक म्हणजे आवाज एकाएकी थांबल्यावर बिघाड मिटला असे समजणे. पॅडवरील झीजदर्शक पत्रा तुटून पडला तरी किंचाळी थांबते, परंतु झीज चालूच राहते.

## प्रतिबंध

हंगामापूर्वी ट्रेलरच्या हबमधील जुने ग्रीस काढून बेअरिंग धुऊन नवे ग्रीस भरणे, क्रॉस व शॅकल यांना ग्रीस देणे, डिफरन्शियलच्या तेलाची पातळी व रंग पाहणे, यू-बोल्ट व चाकांचे नट ठरलेल्या जोराने आवळणे आणि जोडपिनची झीज मोजणे ही कामे प्रतिबंधक मानली जातात. चाक काढून बसविल्यानंतर थोडे अंतर चालवून नट पुन्हा तपासतात. पुराच्या पाण्यात राहिलेल्या गाडीचे गिअरबॉक्स व डिफरन्शियलमधील तेल आवाजाची वाट न पाहता बदलले जाते. घाट उतरण्यापूर्वी माथ्यावर थांबून चाके, जोडणी व साखळी यांची पाहणी करणे आणि उतरताना गाणी बंद ठेवून काच थोडी उघडी ठेवणे, या दोन सवयींसाठी कोणतेही साधन लागत नाही.